ठेवलेली खोट

वडील गेले आणि मागे धंदा राहिला. धंदा म्हणजे काय, तर एक टेबल, दोन खुर्च्या, नमुन्याच्या मुठी आणि बिजागऱ्या ठोकलेली भिंतीवरची एक फळी, आणि एक टेलिफोन. तो मुलीने उचलला की पलीकडचा माणूस आधी क्षणभर गप्पच व्हायचा. दुकानं, दवाखाने, घरं आतून नवी करून द्यायची, असं ते काम. वडिलांच्या पदरी एकही नोकर नव्हता. सुतार स्वतंत्र, रंगारी स्वतंत्र, वायरमन स्वतंत्र. ज्याची अवजारं त्याची, ज्याची वेळ त्याची, ज्याचं बिल त्याचं. वडील काम आणायचे, या तिघांना बोलवायचे, झालेलं काम बघायचे आणि पैसे द्यायचे.

यातलं ‘पैसे द्यायचे’ हे सांगायला सोपं आहे. ते कसे द्यायचे, हे मुलीने लहानपणापासून ऐकलं होतं. शाळेतून आली की ती त्याच टेबलाच्या कडेला अभ्यासाला बसायची. सुतार बिल पुढे सरकवायचा. वडील ते दोन बोटांत मेलेल्या उंदरासारखं उचलायचे.

“हे बिल आहे की माझी जन्मठेप?”

“लाकडाचा भाव बाजारात जाऊन विचारा भाऊ. घरात बसून काय कळणार?”

“आणि खिडकीची पट्टी वाकडी बसलीय, तिचा भाव काय?”

“पट्टी सरळ आहे. तुमचा चष्मा वाकडा आहे.”

हे असं चहा येईपर्यंत चालायचं. शेवटी वडील बिलातले काही पैसे कापायचे, सुतार कपाळावर हात मारून घ्यायचा, आपण बुडालो असं रस्त्याकडे तोंड करून सांगायचा, आणि मग दोघं एका बशीतली बिस्किटं खायचे. मुलीला मान वर करवायची नाही. आपले वडील कष्टकऱ्यांच्या घामाचे पैसे कापतात, अशी तिची समजूत झाली. ती समजूत घेऊनच ती मोठी झाली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली, पुष्कळ पुस्तकं वाचली, आणि पुस्तकांनी ती समजूत आणखी पक्की केली.

आता ती रजा टाकून आली होती. वडिलांनी हातात घेतलेलं एक काम अर्धं पडलं होतं: एका दाताच्या डॉक्टरीणबाईंचा नवा दवाखाना. आई म्हणाली, “हे एवढं त्यांचं शेवटचं काम नीट पार पाड. मग दुकानाला कुलूप लावायचं की नाही, ते तू ठरव. पण बाप गेला आणि कामाची अब्रूही गेली, असं कोणी म्हणता कामा नये.”

मुलीने मान हलवली. त्या दिवसांत ती बहुतेक गोष्टींना मानच हलवत होती. बोलायला गेलं की घशात काहीतरी आडवं यायचं, म्हणून तिने बोलणं कमी करून टाकलं होतं. सभ्यपणाला मात्र घसा फारसा लागत नाही, आणि सभ्यपणा तिच्यापाशी भरपूर होता.

तिने पहिलं काम केलं ते करार छापून आणण्याचं. तिघांना दुकानात बोलावलं, चहा दिला आणि वाचायला सुरुवात केली. वडिलांची खुर्ची तिने मोकळीच ठेवली होती. ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली, त्यामुळे ते तिघे मालकाच्या रिकाम्या खुर्चीसमोर आणि ती त्यांच्या बाजूची, असं काहीतरी चमत्कारिक दृश्य झालं होतं.

“‘कंत्राटदार आपल्या साधनांनी, आपल्या पद्धतीने आणि आपल्या सोयीच्या वेळेत काम करील.’”

“हे आम्ही आधीपासून करतोय,” सुतार म्हणाला. तो तिघांत वडीलधारा. कानावर पेन्सिल नसेल तर त्याला उघडं वाटायचं. “आता परवानगी मिळाली म्हणायची.”

“‘काम पूर्ण झाल्यावर सादर केलेल्या बिलाची संपूर्ण रक्कम, कोणतीही कपात न करता, लगेच खात्यात जमा केली जाईल.’”

हे ऐकून ते खूश होतील अशी तिची अपेक्षा होती. ते एकमेकांकडे बघायला लागले. रंगाऱ्याने हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं. एरवी हा माणूस बोलण्यासाठीही बिस्किट खाली ठेवायचा नाही.

“कपात नाही?” वायरमनने विचारलं. तो तिच्याच वयाचा, नाकावर राग घेऊन फिरणारा. “म्हणजे जेवढं लिहिलं तेवढं?”

“जेवढं लिहिलं तेवढं.”

“आणि काम बघणार कोण?” सुताराने विचारलं.

“मी बघेन, काका.”

“बघून?”

“पैसे देईन.”

“मध्ये काही नाही?”

“मध्ये काय असायला हवं?”

“काही नाही,” सुतार म्हणाला, आणि त्याने सही केली. सही करताना त्याचा चेहरा असा होता, की जणू राहतं घर कोणाच्या नावावर करून देतोय.

पहिलं काम पुरं झालं ते सुताराचं: दवाखान्यात शिरल्या शिरल्या लागणारं, नावनोंदणीचं मोठं टेबल. ती बघायला गेली. सुताराने खांद्यावरच्या फडक्याने टेबल पुसलं, दोन पावलं मागे सरकला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. मुलीने कडांवरून हात फिरवला. खण एकेक ओढून पाहिले. सगळ्यात खालचा खण वीतभर बाहेर आला आणि अडला. तिने हळूच पुन्हा ओढला. पुन्हा अडला. ती सुताराकडे बघून हसली आणि तिने तो खण आत लोटून दिला. वय झालंय काकांचं, तिच्या मनात आलं. बाबा गेल्याचा धक्का त्यांनाही बसला असेल. एवढ्याशा खणावरून काय बोलायचं?

“सुरेख झालंय.”

“नीट बघा.”

“बघितलं काका. फार सुरेख.”

“खण बघितले?”

“बघितले ना.”

सुतार उभाच राहिला. परीक्षेचा निकाल लागला, आपण पास झालो, पण आपला पेपरच कोणी तपासला नाही, हे ज्याला कळलंय त्या मुलासारखा.

पैसे त्याच दिवशी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार दुकानाच्या दारात हजर. हातात पाकीट.

“ताई, हे जास्त आलेत.”

“नाही काका. बिलाइतकेच आहेत.”

“बिलाइतके म्हणजेच जास्त.”

“असं कसं? तुम्हीच लिहिलंत ना बिल?”

“मी लिहायचं म्हणून लिहितो हो! ते काय द्यायचे असतात?”

तिने पाकीट घेतलं नाही. तुमच्या कष्टाचे आहेत, तुमचा हक्क आहे, असं ती हळू आवाजात, फार चांगल्या शब्दांत म्हणाली. सुतार पाकीट घेऊन गेला. जाताना पाठमोरा असा दिसत होता, की त्याच्या हक्काचं ओझं त्याला पेलत नव्हतं.

घरी तिने आईला हे सांगितलं. आई वडिलांचा चष्मा पुसत होती. तो आता कोणी लावणार नव्हतं, पण धूळ काही ते बघून बसत नाही.

“बिलाच्या दिवशी तुझे बाबा फार खुशीत असायचे,” आई म्हणाली. “शर्ट काढता काढता सांगायचे, ‘आज रंगाऱ्याने काय लपवलं होतं! मला आत शिरताच दिसलं, पण चहा येईपर्यंत मी दिसल्यासारखं केलंच नाही.’ आणि एकटेच हसत बसायचे. मला काय त्यातलं कळतंय? मी आपली हो म्हणायचे.”

मुलीला वाटलं, रंगारी एखादा उरलेला रंगाचा डबा लपवत असेल आणि बाबा त्याला पकडत असतील. तिला तेव्हाही रंगाऱ्याचीच दया आली. तो विषय तिने तिथेच सोडला, आणि दुपारी दवाखान्यात कोणी नाहीसं बघून खालच्या खणाच्या पट्टीवर मेणबत्ती घासून आली. खण लोण्यासारखा सरकायला लागला.

मग रंगाऱ्याने बसायच्या खोलीच्या भिंती केल्या. फिकट निळ्या, आणि अशा सफाईच्या, की हात लावायलाही लाज वाटावी. फक्त दाराच्या मागे, दार उघडं असलं की झाकला जाईल अशा जागी, हाताच्या पंजाएवढा एक ठिपका हिरवट होता. मुलीने दार लोटलं, ठिपका पाहिला, दार परत उघडलं.

“छान, मामा. डोळ्यांना गार वाटतं.”

“सगळीकडे बघितलंत?” रंगाऱ्याने विचारलं. “कोपरे-बिपरे? दारामागे-बिरामागे?”

“सगळीकडे बघितलं.”

“भाऊ टॉर्च लावून बघायचे.”

“मला टॉर्चशिवायही दिसतं,” ती हसून म्हणाली. पैसे जमा झाले. दुसऱ्या दिवशी तिने वडिलांचा एक जुना ब्रश शोधला, उरलेल्या निळ्या रंगात बुडवला आणि हिरवट ठिपक्यावर आपल्या हाताने रंग चढवला. झाला थोडा ओबडधोबड, पण दारामागे कोण बघतंय?

रंगारी बघतो. त्याने आपला ठिपका गेलेला पाहिला, आणि त्या जागी रंगाचे ओघळ सुकलेले पाहिले. तो सरळ सुताराकडे गेला. सुतार खालचा खण आत-बाहेर करत बसला होता.

“माझ्या भिंतीला कोणीतरी हात लावलाय,” रंगारी म्हणाला. “आणि हात म्हणजे काय हात! झाडूने मारलाय रंग.”

“माझ्या खणाला मेण लावलंय,” सुतार म्हणाला. “मेण! रंधा मारायचा सोडून मेण! कोणीतरी शिकाऊ असणार.”

दोघांनी वायरमनकडे पाहिलं. तिघांच्याही मनात एकच आलं, आणि वायरमनने ते बोलून टाकलं. “दुसरी माणसं आणलीत ताईंनी. आपल्याला तोंडावर ‘छान, छान’, आणि पाठीमागून नवे. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे.”

“दाताच्याच दवाखान्यात,” रंगारी म्हणाला, पण कोणी हसलं नाही.

त्या दिवसापासून ते तिला ‘मॅडम’ म्हणायला लागले. सुतार, ज्याने तिला लाकडाचे चौकोनी तुकडे खेळायला आणून दिले होते, तो तिला बघून उठून उभा राहायला लागला. रंगारी धुतलेला शर्ट घालून यायचा आणि चहा विचारला की “नको, आत्ताच झाला” म्हणायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा चहा आत्ताच झालेला होता. मुलीला वाटलं, करारामुळे कामाला शिस्त आली. तरी ‘ताई’ गेल्याचं तिला कुठेतरी लागलं. पण तेही तिने गिळलं. गिळण्याची तिला सवय झाली होती.

मग वायरमनची पाळी. त्याने दिवे लावले, आणि तिने बटण दाबलं तर दिव्याऐवजी दुसऱ्या खोलीतला पंखा फिरला. आता वायरला मेण लावता येत नाही, की ब्रश फिरवता येत नाही. तिने पुष्कळ विचार करून त्याला निरोप लिहिला: ‘दर्शनी खोलीतल्या बटणांचा क्रम, आपल्याला वेळ मिळेल तेव्हा कृपया एकदा पाहावा, ही विनंती.’

वायरमनने तो निरोप दोघांना वाचून दाखवला. “‘कृपया’ लिहिलंय.”

“बघू.” सुताराने चष्मा वर केला. “‘विनंती’सुद्धा आहे.”

“संपलो आपण,” रंगारी म्हणाला. “भाऊ मला एकदा गाढवाचा मोठा भाऊ म्हणाले होते. त्यानंतर अकरा कामं दिली. हे ‘कृपया’ म्हणजे नारळच हातात दिला.”

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी डॉक्टरीणबाई आल्या. उंच, नीटनेटक्या, समोरच्याच्या तोंडाकडे बघायची सवय असलेल्या. तिघे कंत्राटदार भिंतीला लागून ओळीत उभे राहिले. मुलीने पुढे होऊन आतल्या खोलीचं दार उघडलं. ते अर्धंच उघडलं. बाई तिरक्या होऊन आत गेल्या.

“दार असंच आहे?” त्यांनी आतून विचारलं.

मुलीने सुताराकडे पाहिलं. काल दार नीट उघडत होतं. सुतार छताकडे बघत होता.

“दिवा लावते,” ती म्हणाली आणि खुर्चीवरच्या दिव्याचं बटण दाबलं. बाहेर दारावरची घंटा वाजली. रंगारी सवयीने दार उघडायला गेला आणि कोणी नाही म्हणून परत आला. तिने घाईने दुसरं बटण दाबलं. पुन्हा घंटा वाजली. रंगारी पुन्हा गेला.

“कोणी नाहीये,” त्याने परत येऊन सांगितलं.

“मला कळलंय,” मुलगी म्हणाली.

डॉक्टरीणबाई आपल्या नव्या खुर्चीत आडव्या झाल्या. रोग्याला काय दिसतं ते आपण आधी बघावं, ही त्यांची पद्धत. त्यांनी वर पाहिलं. नुकतं रंगवलेलं पांढरंशुभ्र छत, आणि त्याच्या बरोबर मध्यावर, रोग्याची नजर जिथे पडेल तिथेच, बशीएवढा एक पिवळा डाग.

“पिवळा,” बाई म्हणाल्या. “पांढऱ्यावर पिवळा. दाताच्या दवाखान्यात. हा कोणी माझी थट्टा करायला काढलाय का?”

बाई उठल्या, पर्स उचलली. “तुमच्या वडिलांनी मला शब्द दिला होता, म्हणून मी दुसरीकडे गेले नाही. उद्या संध्याकाळी मी परत येते. तोवर हे सरळ झालेलं नसलं, तर मी दुसऱ्यांना बोलावेन, आणि माझ्या दुसऱ्या दवाखान्याचं जे बोलणं झालं होतं ते विसरून जा.” दारातून तिरक्या बाहेर पडताना त्या आणखी एक वाक्य बोलल्या. रागाने नाही, साधंच. “ते असते तर असं झालं नसतं.”

दार तसंच राहिलं. अर्धंच उघडं.

मुलगी जिथे होती तिथेच उभी राहिली. मग तिने घसा साफ केला. “मला वाटतं,” ती म्हणाली, “आपण सर्वांनी जरा शांतपणे...”

वायरमनने अवघडून पाय बदलला, त्याचा खांदा मागच्या बटणावर टेकला आणि घंटा वाजली. रंगारी दार उघडायला निघाला.

“मामा, तुम्ही हललात ना तर याद राखा!”

रंगारी जागच्या जागी थिजला. हा आवाज या तिघांनी पुष्कळदा ऐकला होता, पण या तोंडून नाही.

“काय चाललंय काय इथे? काका, हे दार आहे का? हे दार आहे? ती बाई तिरकी होऊन गेली! उद्या दात दुखणारा माणूस सुजलेला गाल घेऊन येईल, तो काय गाल बाहेर ठेवून आत जाईल? आणि मामा, छताला काय झालंय, कावीळ? ज्या माणसाने आख्खी भिंत आरशासारखी केली, त्याला छताचा डाग दिसत नाही? डोळे गहाण टाकलेत? आणि तू!” ती वायरमनकडे वळली. “तुला कृपया लिहिलं! मी! दिव्याचं बटण दाबलं की घंटा, घंटेचं दाबलं की काय होणार आहे, दात पडणार आहेत?”

घशात जे आडवं येत होतं ते आता कुठेच नव्हतं. बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज भिंतीवर जाऊन आपटत होता आणि तिला तो थांबवावासा वाटत नव्हता. आणि या सगळ्यात एक विचित्र गोष्ट तिच्या लक्षात आली. सुताराच्या चेहऱ्यावर रंग येत होता. रंगाऱ्याने रंगाची बादली पालथी घातली आणि तिच्यावर ऐसपैस बसला, नाटकाला चांगली जागा मिळाल्यासारखा.

“दार सरळ आहे,” सुतार म्हणाला. “भिंत वाकडी आहे.”

“भिंत काल सरळ होती! दार कालपर्यंत उघडत होतं!”

“हवा दमट आहे. लाकूड फुगतं.”

“लाकूड फुगलं नाही, तुमचं बिल फुगलंय! आणि ते टेबल, त्याच्या मागच्या कडेला पॉलिशच नाही, ते काय उधार ठेवलंय?”

“मागच्या कडेला?” सुतार खरंच गडबडला. तो टेबलामागे जाऊन वाकून आला. “अरे हो. ती मात्र मी ठेवलेली नव्हती.”

रंगाऱ्याने डोळे मिटून घेतले.

“ठेवलेली नव्हती म्हणजे?” मुलगी म्हणाली. “बाकीच्या ठेवलेल्या होत्या?”

कानावरची पेन्सिल काढून सुताराने ती बघितली आणि परत ठेवली. “ताई, तुम्ही बसा.”

“मी बसणार नाही.”

“बरं. भाऊंचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. कामात खोट सापडल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. सुरुवातीला एकदा मी एक कपाट केलं, अगदी निर्दोष. भाऊंनी सकाळपासून शोधलं. काही सापडेना, तर त्यांनी मागची फळीच उचकटून काढली. आत काहीतरी लपवलं असणार म्हणाले. माझं चांगलं कपाट! मग मी ठरवलं, की एक खोट आपणच ठेवायची. लहानशी. ती सापडली की भाऊ शांत. भांडायचे, थोडे कापायचे, मी दुसऱ्या दिवशी येऊन ती नीट करायचो. गिऱ्हाइकाला कधी दिसलीच नाही. बिलात कापण्यापुरते आधीच वाढवून लिहायचे. कोणाचं काही जायचं नाही.”

“मग आम्हीही ठेवायला लागलो,” रंगारी म्हणाला. “सुताराची सापडायची आणि माझी नाही, तर माझं काम त्यांनी बघितलंच नाही असं वाटायचं.”

“मग हे छत? ही लहानशी?”

“तुम्हाला लहान सापडेना!” रंगारी कळवळून म्हणाला. “वर कोणीतरी येऊन माझा ठिपका झाडूने पुसून गेलं. म्हटलं, नवीन माणसं ठेवलीत तर तसं तोंडाने तरी सांगतील. म्हणून खोट एवढी मोठी केली, की बोलावंच लागेल.”

“तो झाडू मी मारला,” मुलगी म्हणाली. “मेणही मीच लावलं.”

सुताराने रंगाऱ्याकडे पाहिलं, रंगाऱ्याने वायरमनकडे. वायरमन आधी हसला. तो हसताना तिने पहिल्यांदाच पाहिला.

“म्हणजे दिसलं होतं तुम्हाला?” सुतार म्हणाला. “दिसलं, आणि बोलला नाहीत?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“वाईट!” सुतार म्हणाला. “माझी झोप गेली हो!”

मुलगी रोग्याच्या खुर्चीत टेकली. बाबांनाही दिसत होतं, हे तिच्या मनात तेव्हा आलं. आत शिरताच दिसत होतं. हे तिघे इतकी वर्षं त्यांना फसवत होते, ते इतकी वर्षं फसल्यासारखं करत होते, आणि चहा येईपर्यंत मुद्दाम इकडेतिकडे टॉर्च मारत फिरत होते. आईने हे तिला चष्मा पुसता पुसता सांगितलं होतं. ते आता या तिघांना सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं. पण सुताराच्या चेहऱ्याकडे पाहून तिने ते सांगितलं नाही. ते तिने आपल्यापाशी ठेवलं. या वेळी गिळलेलं घशात अडलं नाही.

“भाऊ असते तर दाराचे किती कापले असते?” तिने विचारलं.

“दाराचे?” सुतार पुढे सरसावला. “दाराचे ते निम्मे म्हणाले असते. बुडालो म्हणून मी रस्त्यात पडलो असतो. मग दोघं चौथ्या हिश्श्यावर आलो असतो.”

“मी निम्मेच कापणार.”

“भाऊंपेक्षा वाईट आहात तुम्ही,” सुतार म्हणाला. हे त्याने अशा सुरात म्हटलं, की कोणी तिच्या तोंडावर तिची स्तुती करतंय असं बाहेरच्याला वाटावं.

“फक्त एक,” वायरमन म्हणाला. “पैसे त्याच दिवशी खात्यात, ते मात्र तसंच ठेवा, ताई. भाऊ भांडण त्याच दिवशी करायचे, पण पैसे...”

“भांडण जुनं, पैसे नवे,” रंगारी म्हणाला. “चालेल आपल्याला.”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं सरळ झालं. दार असं उघडलं, की मागच्या भिंतीला टेकलं. दिव्याच्या बटणाने दिवा लागला आणि घंटा फक्त माणूस आला तरच वाजली. संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या, खुर्चीत आडव्या झाल्या, छताकडे बराच वेळ बघत राहिल्या, आणि उठून म्हणाल्या, “पुढच्या आठवड्यात या. दुसरी जागा दाखवते.” मग दारातून सरळ चालत बाहेर गेल्या आणि जाताना थांबल्या. “हेच काल का नाही झालं?”

“काल हवा दमट होती,” मुलगी म्हणाली.

बाई गेल्यावर तिने आईला कळवलं, की कुलूप आणायची घाई करू नको. मग ती आत आली. तिघे कुजबुजत उभे होते, ते गप्प झाले.

“ताई,” सुतार म्हणाला, “तुम्ही जरा बाहेर जाऊन पाणी पिऊन या बघू.”

“मला तहान नाहीये.”

“तरी पिऊन या. आणि चहाचं सांगून या.”

ती बाहेर गेली. आतून खुडबूड ऐकू आली, पेचकस पडल्याचा आवाज आला, रंगाऱ्याचं “हळू, हळू” ऐकू आलं. ती चहाचं सांगून परत आली तेव्हा तिघे भिंतीला लागून हाताची घडी घालून उभे होते आणि वेगवेगळ्या दिशांना बघत होते.

“बघा आता काम,” सुतार म्हणाला. “आणि बिलं त्या टेबलावर आहेत.”

बसायच्या खोलीत, कोट आणि छत्र्या अडकवायला लावलेल्या आकड्यांच्या ओळीत, तिसरा आकडा उलटा होता. सकाळी तो सरळ होता. आत पाऊल टाकताच तिला तो दिसला.

तिने पिशवीतून वडिलांचा टॉर्च काढला. नवे सेल तिने सकाळीच घातले होते. मग आकड्यांकडे पाठ करून ती टेबलापाशी वाकली, सगळ्यात खालचा खण उघडला आणि आत उजेड टाकून, कपाळाला आठ्या घालून, फार बारकाईने बघायला लागली. मागे कोणीतरी श्वास रोखून धरला होता.

चहा अजून यायचा होता.